मीटर कुणाच्या नावावर?

(जुन्नर तालुक्यातल्या एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी विजेवर बोलणार म्हटल्यावर आमच्या वस्तीवरचे एक भाऊ म्हणाले, "बायांच्या मेळाव्यात विजेचं काय काढलंत? दारूवर बोला, हुंड्यावर बोला." त्यावर आपण बोलतोच. पण कालची रात्र मी कशी काढली, हे काही त्यांनी विचारलं नाही.

आधी तुम्हालाच विचारते. घरचं वीजमीटर स्वतःच्या नावावर आहे, अशा किती जणी इथं आहेत? हात वर करा. एक, दोन... चार. दोनशे बायांत चार. आता दुसरा प्रश्न. बिलाची तारीख जवळ आली की पैसे कोण जुळवतं? दुधाच्या पगारातून, शिलाईतून, बचत गटातून? बघा, आता हात मोजता येईनात. या दोन मोजण्यांमध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आपल्याकडे शेतीपंपाला वीज मिळते ती पाळीनं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की दारं धरायला गडीमाणूस जातो, असं म्हणतात. पण उसात बिबट्या आहे. एकट्याला कसं सोडायचं, म्हणून हातात बॅटरी घेऊन बाई बांधावर उभी असते. जिला नवरा नाही, ती स्वतःच दारं धरते. मोटार सुरू होऊन पाणी सरीत पोचेपर्यंत एक फेज जातो. परत वाट बघा. कधी दाब कमी पडून मोटार जळते. ती पुन्हा भरून घ्यायचा खर्च घरखर्चातूनच निघतो. आणि रात्री दोनला घरी आलेली बाई सहाला चुलीपुढं असते.

घरातही तेच. लाइट नाही म्हणून टाकीत पाणी चढत नाही, म्हणून हंडा डोक्यावर येतो. गिरणीवर डब्यांची रांग लागते. पोरीचा दहावीचा अभ्यास राहतो. गेलेली वीज बाईच्या हातापायांतून भरून काढली जाते. ती युनिटं कुठल्याच मीटरवर पडत नाहीत.

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. गावांना बारा-बारा तास भारनियमन होतं. कुठल्या भागाला किती अंधार, हे पुढं गळती आणि वसुली बघून ठरायला लागलं. म्हणजे तारेवर आकडा टाकणारा आणि पोटाला चिमटा घेऊन वेळेवर बिल भरणारी, दोघांना एकच शिक्षा! आजही थकबाकीसाठी अख्खी डीपी बंद केली, तर भरलेल्यांचं आणि न भरलेल्यांचं पाणी एकदमच तुटतं.

२०२४ साली राज्य सरकारनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज पाच वर्षांसाठी मोफत केली. चांगलं झालं. पण फुकटची वीज रात्री बारानंतर आली, तर बांधावर उभं राहणं काही चुकत नाही. आणि घराचं बिल आहे तसंच आहे. ज्या बाईला जमीनच नाही, तिच्या वाट्याला फक्त हे घराचं बिल येतं.

आता माझी गोष्ट सांगते. माझ्या घरात दोन दिवे, एक पंखा, टीव्ही आणि शिलाई मशीन. महिन्याला साठ-सत्तर युनिटं पडतात. एका उन्हाळ्यात एकदम ३१२ युनिटांचं बिल आलं. मी बिल हातात घेऊन मीटरपुढं उभी राहिले. बिलावर चालू रीडिंग ४८६०, मीटरवर ४६१७. मीटर न बघताच आकडा लिहिला होता.

वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. साहेबांनी विचारलं, "मीटर कुणाच्या नावावर?"

"सासऱ्यांच्या."

"मग त्यांना घेऊन या."

"ते जाऊन अकरा वर्षं झाली."

"मग त्यांच्या मुलाला पाठवा."

"तेही चार वर्षांपूर्वी वारले."

साहेब म्हणाले, "मग घरात कुणी माणूस नाही का?"

मी त्यांच्यासमोरच उभी होते, मैत्रिणींनो. चार वर्षं मेलेल्या माणसाच्या नावाचं बिल मी भरत होते. पैसे घेताना खिडकीवर कुणी नाव विचारलं नाही. तक्रार घेऊन गेले, तेव्हा मात्र माणूस पाहिजे झाला.

आपल्या एका वकील मैत्रिणीनं मला विद्युत कायदा २००३ उघडून दाखवला. त्यात ग्राहक म्हणजे कोण, हे लिहिलेलं आहे. ज्याला वीज पुरवली जाते तो तर ग्राहक आहेच, पण ज्याची जागा वीज घेण्यासाठी जोडलेली आहे, त्यालाही कायदा ग्राहकच म्हणतो. मी अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घेतली. तीन आठवड्यांनी मीटर बघायला माणूस आला. बिल दुरुस्त झालं.

मीटरवर नाव लावायचं काम मात्र अजून अडलंय. वारसांची संमती मागतात आणि धाकटे दीर सही देत नाहीत. म्हणतात, "आज मीटरवर नाव लावाल, उद्या घर मागाल." खरं तर बिलावर नाव आलं म्हणून घराची मालकी मिळत नाही. पण ते राहण्याचा पुरावा म्हणून चालतं. टाकलेल्या बाईनं रेशनकार्ड मागितलं, की पहिला प्रश्न येतो, इथं राहता कशावरून? दीर घाबरतात ते उगाच नाही. कागदावर नसलेल्या बाईला घराबाहेर काढणं सोपं असतं.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा कितीतरी बायांच्या नावावर जमीन झाली. सातबाऱ्याचा आग्रह आपण धरला. मीटर तेवढा दाराबाहेर टांगलेला राहिला.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. बिल आलं की त्यावरचं रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग ताडून बघा. शंभर युनिटांच्या पुढं दर बराच वाढतो. २०२० च्या टाळेबंदीत मीटर बघणं बंद होतं, नंतर जूनमध्ये तीन महिन्यांची बिलं एकदम आली आणि राज्यभर ओरड झाली. असं कधी झालं, तर युनिटं त्या त्या महिन्यांत वाटून दर लावलाय का, ते विचारा. थकबाकीसाठी वीज तोडायची, तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी धमकीला नोटीस म्हणत नाहीत. तक्रार लेखी करा, पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत.

वीज हा बायांचा विषय नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी गुहागर आठवावं. १९९७ साली एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध केला म्हणून वेलदूरच्या कोळणींना पोलिसांनी पहाटे घरांतून ओढून काढून मारलं. चार वर्षांनी, २००१ मध्ये, महाग पडते म्हणून वीज मंडळानंच ती वीज घेणं बंद केलं. तेव्हा त्या बायांना कुणी येऊन सांगितलं नाही, की तुमचं बरोबर होतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचं बिल आणा. नाव कुणाचं, रीडिंग किती, ते एकत्र बसून वाचू. ज्यांची मीटरं मेलेल्यांच्या नावावर आहेत, त्यांचे अर्ज तिथंच लिहू आणि कार्यालयात सगळ्या मिळून जाऊ. दिवसा वीज द्या, हेही तिथंच सांगू.

पुढच्या वर्षी मी परत हात वर करायला सांगणार आहे. मी स्वतः तोपर्यंत दिरांच्या दारात बसून सही आणते.