पित्त उठते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



विषय शास्त्रीय असला, तरी घरातलाच आहे. अंगावर पित्त उठते. गांधीलमाशी चावली की हात सुजतो. कोळंबी खाल्ली की कुणाचे ओठ सुजतात. आपण आमसुलाचे पाणी लावतो आणि 'पित्त खवळले' म्हणतो. वास्तविक यकृतातल्या पित्ताचा याच्याशी काही संबंध नाही. हे काम मास्ट पेशींचे.

पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या प्रबंधात या पेशींचे वर्णन केले. रंग देऊन पाहिल्यावर त्या दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या. खाऊनपिऊन पोसलेल्या वाटल्या, म्हणून त्याने त्यांना तसे नाव दिले. पण ते दाणे म्हणजे पेशीने खाल्लेले अन्न नव्हे. तो तिचा शस्त्रसाठा आहे. त्यात हिस्टामिन असते, हेपारिन असते आणि ट्रिप्टेज, कायमेज यांसारखी एन्झाइमे असतात. आपल्या पोटातले पाचकरस अन्नातील प्रथिने तोडतात, तशीच ही एन्झाइमेही प्रथिने तोडणारी.

त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडी, म्हणजे बाहेरचे जग जिथे शरीराला भिडते, तिथे या पेशी पहाऱ्याला असतात. त्यांचा पहारा व्यर्थ नाही. २००६ साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, या पेशींतील एक एन्झाइम सर्पविषाचे तुकडे करून ते निकामी करते.

मात्र राखणदाराने चोर समजून पाहुण्यालाच बडवावे, तसे कधी कधी होते. शेंगदाणा, कोळंबी, एखादे औषध यांना शरीर शत्रू मानते आणि दाणे फुटतात. हिस्टामिनने रक्तवाहिन्या पाझरू लागतात, खाज सुटते, सूज येते. ट्रिप्टेज आसपासची प्रथिने तोडते आणि पांढऱ्या पेशींना तिकडे ओढते. त्यामुळे दाह वाढतो. दम्याच्या रोग्यांत तर या पेशी श्वासनलिकेच्या स्नायूंतच ठाण मांडून बसलेल्या आढळतात.

भगिनींनो, आता मुख्य गोष्ट. दाणे एका जागी फुटले तर गांधी उठतात. सर्वांगात एकदम फुटले तर प्राणावर बेतते. आवाज बसणे, घसा आवळणे, धाप लागणे, चक्कर येणे, वारंवार उलट्या होणे, ही लक्षणे दिसली की आमसूल बाजूला ठेवावे. पित्ताची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. ती गोळी फक्त हिस्टामिनला अडवते. पेशीतून बाहेर पडलेल्या इतर द्रव्यांवर तिचा इलाज चालत नाही. यावर पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन. त्याने रक्तदाब सावरतो, श्वासनलिका मोकळी होते आणि आणखी दाणे फुटण्यालाही आळा बसतो. रोग्याला आडवे निजवावे व पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर टेकून बसवावे. उठवून चालवू नये. तातडीने इस्पितळात न्यावे. बरे वाटले तरी लगेच घरी आणण्याचा आग्रह धरू नये, कारण काही तासांनी तोच त्रास पुन्हा उलटू शकतो.

डॉक्टर रक्तातील ट्रिप्टेज तपासतात. झटक्यानंतर एक-दोन तासांत ते सर्वांत जास्त असते आणि दिवसभरात ओसरते. म्हणून रक्त वेळेवर द्यावे. पण अन्नामुळे आलेल्या झटक्यात ते वाढलेले नसण्याचीही शक्यता असते, तेव्हा अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. काय खाल्ले, काय चावले, कोणते औषध घेतले, हे घरच्या बाईने नीट टिपून डॉक्टरांना सांगावे. ती माहिती तपासणीइतकीच मोलाची आहे.