मुकी मूर्ती आणि बोलणारा देव

(ज्युबिलीच्या पूर्वसंध्येस कोल्हार येथे केलेले भाषण)



प्रवरेकाठच्या ह्या कोल्हारची ओळख परगावी भगवतीमातेच्या देवळावरून दिली जाते. आमचे शेजारी तेथे श्रद्धेने जातात; त्यांच्या श्रद्धेची थट्टा करणे हे ख्रिस्ती मनुष्याचे काम नव्हे. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर करू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आम्हांस सांगितलेच आहे. म्हणून मूर्तीच्या दुर्बलतेविषयी जे बोलावयाचे, ते आम्ही स्वतःच्या घरापासून आरंभितो.

पुष्कळजण आम्हांस विचारतात, "फादर, पुतळे तुमच्याही देवळात आहेतच की!" प्रश्न रास्त आहे. निसीया येथील दुसऱ्या परिषदेने ७८७ साली त्याचे उत्तर दिले: प्रतिमेस दिलेला मान जिची ती प्रतिमा त्या व्यक्तीस पोहोचतो, आराधना मात्र एकट्या देवाची. उत्तर बिनतोड आहे. आमचे वर्तन त्यास शोभते काय, एवढेच पाहावयाचे.

मोशेने रानात उभारलेला पितळी सर्प आठवा. तो प्रत्यक्ष परमेश्वराच्या आज्ञेने घडविलेला; सर्पदंश झालेली माणसे त्याजकडे पाहून वाचली. पुढे कित्येक शतकांनी लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. केवढे हे धैर्य! वस्तू देवानेच दिलेली, परंतु देवाच्या जागी बसताच ती नुसते पितळ ठरली.

मूर्तीच्या मुकेपणाविषयी स्तोत्रकर्त्याने लिहिले आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातील संतांनीही दगडाच्या देवाविषयी कमी परखड लिहिलेले नाही. तथापि आम्हांस वाटते, ती मुकी आहे म्हणूनच मनुष्यास आवडते. हार घाला, मेणबत्ती लावा, मागणे मागा. ती उलट काही विचारीत नाही. जिवंत देव विचारतो. आदामास त्याने ठावठिकाणा विचारला, काइनास भावाचा पत्ता विचारला. आणि ख्रिस्ताठायी तर तो देह धारण करून आमच्या उंबऱ्याशी येऊन विचारू लागला.

दर सप्टेंबरात आपण हरेगावास मतमाउलीच्या यात्रेस जातो. कोणी अनवाणी जातो, कोणी नवस फेडतो. हे सारे गोड आहे. परंतु बांधाच्या तंट्यावरून सख्ख्या भावाशी अबोला धरलेला मनुष्य तेथे हातभर मेणबत्ती लावून तसाच घरी आला, तर त्याने मातेचा मान राखला, की पुतळ्याशी व्यवहार केला? काना येथील लग्नात माता सेवकांस एवढेच म्हणाली, की माझा पुत्र सांगेल तसे करा. आणि पुत्र सांगतो, की अर्पण वेदीपुढे ठेव, आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. आलेले अर्पण थांबवून भक्तास घरी धाडणारी मूर्ती कोणी पाहिली आहे?

उद्या ज्युबिलीचा मिस्साबलि आहे. ज्या कोणास बांध ओलांडून जावयाचे असेल, त्याने आज रात्रीच जाऊन यावे. पहाट झाली तरी चालेल. आम्ही वेदीपाशी थांबू.