सर्वाधिकाराची वांटणी

बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांत एखाद्या शेतकऱ्यानें जमीन विकत घेतली, म्हणजे त्याचें नांव सात-बाराच्या उताऱ्यावर आपोआप चढत नाहीं. तलाठी फेरफाराची नोंद घालतो, हितसंबंधीयांना नोटीस जाते, आणि मंडळ अधिकाऱ्यानें तपासून प्रमाणित केल्यावरच ती नोंद पक्की होते. लिहिणारा एक व मंजूर करणारा दुसरा, हेंच या व्यवस्थेंतील शहाणपण होय.

आतां हें दप्तर संगणकांत गेलें आहे. तेव्हां श्रोत्यांनीं असा प्रश्न विचारावा कीं, ज्या यंत्रांत या दोघांचे अधिकार वेगळे राखले जातात, त्या यंत्राचा धनी कोण?

संगणकाच्या गाभ्याशीं 'कर्नेल' नांवाची आज्ञावली असते. कोणत्याहि प्रोग्रॅमला फाइल उघडावयाची झाली, तर त्याला कर्नेलकडे मागणी करावी लागते व तेथें त्याचा हक्क तपासला जातो. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तींत शून्य क्रमांकाचा वापरकर्ता सर्वाधिकारी ठरला. त्याला 'रूट' म्हणतात. त्याच्यापुरती ही तपासणी जवळजवळ नव्हतीच. तो कोणाचीहि फाइल वाची, तिचा मालक बदली, घड्याळ मागें नेई, आणि केल्या कृत्याची नोंदहि पुसून टाकी. अशा हाताखालीं तलाठी व मंडळ अधिकारी यांची विभागणी नांवापुरतीच उरते.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. एखाद्या प्रोग्रॅमला एकच लहानसें काम करावयाचें असे. परंतु त्यासाठीं त्याला सगळेच अधिकार द्यावे लागत. त्यांत एखादी चूक राहिली, कीं चोराच्या हातीं सबंध वाडा जाई.

यावरील तोड महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस हे समान दर्जाचे अंमलदार असत. कुलुपांच्या किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, आणि कोठारांची व्यवस्था कारखानिसाकडे. एकाच्या फितुरीनें गड जाऊं नये, हा त्यांतील हेतु.

लिनक्सच्या कर्नेलनेंहि १९९९ मध्यें आपल्या २.२ या आवृत्तींत हाच मार्ग धरला. रूटच्या अधिकाराचे तुकडे करण्यांत आले. आज ते चाळिसांच्या आसपास आहेत. घड्याळ लावण्याचा अधिकार निराळा, फाइलीचा मालक बदलण्याचा निराळा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा निराळा. ज्याला जेवढें लागेल, तेवढेंच त्याला मिळावें.

तथापि वांटणी झाली एवढ्यानें काम संपत नाहीं. या तुकड्यांपैकीं 'सिस-अ‍ॅडमिन' नांवाच्या एकांत इतक्या गोष्टी कोंबल्या गेल्या कीं, तो हातीं असणारा जवळजवळ पूर्वीचाच रूट होतो. २००३ सालीं एसई-लिनक्स ही व्यवस्था मुख्य कर्नेलमध्यें आली. तिच्यांत अगोदर लिहिलेले नियम स्वतः रूटलाहि बांधूं शकतात. मात्र हे नियम लिहिणारा व बदलणारा कोणीतरी असतोच. त्याचीहि नोंद दुसऱ्याच्या ताब्यांत असलेल्या यंत्रावर राहिली पाहिजे.

अधिकारी प्रामाणिक असेलहि. परंतु आष्टीच्या शेतकऱ्याची जमीन केवळ एका माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून ठेवणें, हा त्या शेतकऱ्यावर अन्याय आहे, आणि त्या अधिकाऱ्यावरहि.