क्लचमधली हवा


रावेतचा बास्केट ब्रिज, संध्याकाळची गर्दी.
तुमची पिकअप मालासकट अडकलीय.
आणि क्लचचं पेडल एकदम मऊ लागतं.
गिअर पडत नाही. पडलाच, तर खर्रकन आवाज करून.

लगेच क्लच प्लेट गेली असं समजू नका.
आधी बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची डबी बघा.

हायड्रॉलिक क्लचला वायर नसते.
पेडल दाबलं, की मास्टर सिलिंडर पाइपातून तेल ढकलतो.
खाली गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर असतो.
तेलाच्या दाबाने तो क्लच सोडवतो.
तेल दबत नाही. हवा दबते.
हवा शिरली, की पाय खाली जातो, क्लच मात्र सुटत नाही.

डबीतलं तेल कमी झालंय?
मग स्लेव्ह सिलिंडरचं रबर सरकवून बघा.
आत ओलं असेल, तर सिलिंडर बदला.
नुसतं तेल भरत राहणं म्हणजे दुखणं लांबवणं.

आता हवा काढायची. दोघं लागतात.
चाकांखाली दगड लावा.
एकाने पेडल दाबून धरायचं.
दुसऱ्याने स्लेव्ह सिलिंडरवरचं हवा काढायचं निपल सैल करायचं.
तेलाबरोबर बुडबुडे येतील.
निपल आवळा, मगच पाय उचला.

पुन्हा सांगते.
आधी निपल बंद. मग पाय वर.
उलट केलंत, तर हवा परत आत!

बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा.
मधेमधे डबी भरत राहा.
तेल ब्रेकचंच, झाकणावर लिहिलंय तेच.
इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं.
आणि ब्रेकचं तेल पत्र्यावर सांडलं, तर लगेच पाणी ओता.
हे तेल रंग खातं.