आकडा यकृताचा, दाब हृदयाचा



आपण जमलो आहोत त्या दिल्लीतल्या करोल बागेला लागूनच राजिंदर नगरातले सर गंगाराम आणि पुसा रोडवरचे बी. एल. कपूर ही दोन मोठी रुग्णालये आहेत. उत्तर भारतातून इथे येणाऱ्या रुग्णांच्या फायलीत हल्ली एक कागद हमखास सापडतो : इलास्टोग्राफीचा रिपोर्ट, त्यावर किलोपास्कलमधला एक आकडा आणि शेजारी ‘एफ-४’, म्हणजे सिरोसिस. हा आकडा यकृताचा ताठरपणा सांगतो, त्याचे कारण सांगत नाही; ते कारण शिरांमधला दाबही असू शकतो. म्हणून शिरांमधल्या रक्तदाबाची नोंद नसलेला इलास्टोग्राफीचा रिपोर्ट आपण अपुरा मानावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

या तपासणीमागचे भौतिकशास्त्र साधे आहे. फायब्रोस्कॅन ५० हर्ट्झचा हलका धक्का देऊन यकृतात लहर उठवतो. शिअर वेव्ह यंत्रे हीच लहर ध्वनीच्या झोताने उठवतात. लहर सेकंदाला १ मीटर धावली, तर ताठरपणा सुमारे ३ किलोपास्कल. वेग दुप्पट झाला, तर आकडा चौपट, म्हणजे १२. आता यकृताची रचना पाहा. भोवती न ताणणारे ग्लिसनचे आवरण, आणि हिपॅटिक शिरांना झडपा नाहीत, त्यामुळे उजव्या कर्णिकेतला वाढलेला दाब थेट यकृतात उतरतो. तोटी बंद करून पाणी भरलेला रबरी पाइप जसा ताठ होतो, तसे ते यकृत ताठ होते. त्यात तंतूचा एक धागाही वाढलेला नसला तरी. हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे प्रयोगाने दाखवले. डुकरांची निम्न महाशिर चिमट्याने बंद करताच ३.१ किलोपास्कलचा आकडा २७.८ वर गेला. हृदय निकामी होऊन अंगावर पाणी चढलेल्या १० रुग्णांमध्ये मध्यक ४०.७ होता, पाणी उतरल्यावर तो १७.८ झाला. अंगावरचे पाणी उतरण्याइतक्या थोड्या काळात कोणताही सिरोसिस बरा होत नाही.

आपल्या देशात याचे मोल अधिक आहे, कारण संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा आणि क्षयरोगाने आवळलेले हृदयावरण आपल्याकडे अजून दिसतात. कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसमध्ये पायांवर सूज येण्याआधीच पोट पाण्याने भरते. अशा रुग्णाची इलास्टोग्राफी केली, तर बव्हेनो मार्गदर्शिकेतली १५ किलोपास्कलची रेषा तो सहज ओलांडतो आणि त्याच्यावर सिरोसिसचा शिक्का बसतो. आवरण काढण्याची शस्त्रक्रिया ज्याला पुन्हा कामावर पाठवू शकली असती, तो यकृताच्या बाह्यरुग्ण विभागात चकरा मारत राहतो. हिपॅटिक शिरांची वाट बंद झालेल्या बड-कियारीच्या रुग्णाचीही हीच गत होऊ शकते. आणि इथे आपला नेहमीचा पहारेकरी कामाला येत नाही. दहा मोजमापांमधली तफावत मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आत असली की आपण रिपोर्ट विश्वासार्ह धरतो. पण रक्त तुंबलेले यकृत सगळीकडे सारखेच ताठ असू शकते, आणि चुकीच्या निष्कर्षाला ही कसोटी निर्धास्तपणे ‘उत्तीर्ण’ म्हणते.

यावर पहिला आक्षेप येईल : दीर्घकाळ रक्त तुंबले तर तंतूही वाढतात, मग आकडा खोटा कसा? आक्षेप खरा आहे. म्हणूनच पहिल्या आकड्यावर निर्णय न देता, लघवी वाढवणारी औषधे देऊन दाब उतरल्यावर पुन्हा मोजावे. जेवढा ताठरपणा उतरला तेवढा दाबाचा. उरलेल्याचा शोध पुढे घ्यावा. दुसरा आक्षेप वेळेचा : तपासणी लांबेल, आणि हृदयासाठी टू-डी इको आहेच. पण सोनोग्राफीवर शिअर वेव्ह करणाऱ्याच्या हातात प्रोब असतोच. महाशिरेची रुंदी २ सेंटिमीटरच्या पुढे आहे का, श्वासाबरोबर ती मिटते का, हिपॅटिक शिरा फुगल्या आहेत का, हे पाहायला दोन-तीन मिनिटे पुरतात. फायब्रोस्कॅनवर असे चित्र दिसत नाही, हे मान्य. २०२१ मध्ये फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आल्यानंतर ही तपासणी आणखी पसरणार, तेव्हा तिथे निदान मानेची शीर तरी पाहावी. तिला खर्च शून्य, आणि ती पाहण्याची सवय आपल्या हातून सुटत चालली आहे याचे मला मनापासून दुःख आहे.

मग हृदयरोग्याला ही तपासणी निरुपयोगी का? उलट, तिथे तिला नवे काम मिळते. जपानी हृदयरोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये दाखवले, की यकृताच्या ताठरपणावरून उजव्या बाजूच्या दाबाचा अंदाज बांधता येतो. उपचाराआधीचा आणि नंतरचा आकडा ताडताना अट एवढीच, की रुग्ण तोच, यंत्र तेच आणि दोन्ही वेळा पोट किमान तीन तास रिकामे. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहणे मात्र सोडावे.

रिपोर्टचा एक नमुना उद्याच्या सत्रात चर्चेला ठेवतो आहे. त्यात किलोपास्कलच्या वर चार रकाने आहेत : उपवासाचे तास, एएलटी, महाशिरेची किंवा मानेच्या शिरेची नोंद, आणि हृदयविकाराचा इतिहास. तिसरा रकाना रिकामा असेल, तर खाली ‘एफ’ची श्रेणी लिहू नये, अशी सूचना मी त्यात घातली आहे. तिच्यावर आपण कडाडून वाद घालावा.