गावचे वाचनालय आणि शेतकरी

शाळेतून निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयाचे चिटणीसपद माझ्याकडे आले. कपाटात कादंबऱ्या पुष्कळ. शेतीवरची पुस्तके मोजून अकरा, आणि त्यांतल्या नवांच्या कार्डावर एकही तारीख नाही. शेतकऱ्याला वाचायची आवड नसते, अशी मी मनाची समजूत करून घेतली होती. ती एका बाटलीने मोडली.

सन २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी नि शेतमजूर दगावले. त्याच दिवसांत एक गृहस्थ पिशवीतून औषधाची बाटली घेऊन वाचनालयात आले. म्हणाले, "गुरुजी, एवढं वाचून द्या बरं." पत्रक उलगडले, तर अक्षरे मुंगीहून बारीक, आणि मात्रा दिलेली हेक्टरी! त्यांचे शेत एकरात, फवारणी पंपाने, आणि माप बाटलीच्या झाकणाचे. झाकण तर दर बाटलीचे निराळे. मग शास्त्र पोचावे कसे?

बाटलीवरच्या चौकटीत एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच नाही, तेही विषच. बाधा झाल्यास काय करावे, उतारा कोणता, हेही पत्रकात छापलेले असते. म्हणून दवाखान्यात जाताना ते बरोबर न्यावे. एवढी साधी गोष्ट, पण त्या दिवशी ती मीसुद्धा पहिल्यांदाच वाचली, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या फळ्यावर हिशेब मांडला: दहा लिटर पाण्याला दहा मिलिलिटर औषध सांगितले असेल, तर पंधराच्या पंपाला पंधरा, विसाच्या पंपाला वीस. आणि खुणा असलेले एक मापाचे भांडे विकत आणले. काही सभासदांनी नाके मुरडली. वाचनालय आहे की कृषी केंद्र, म्हणाले. म्हणोत बापडे.

सन २०२० मध्ये राज्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलेच नाही. तेव्हापासून पेरणीआधी आमच्या ओट्यावर बियाण्याची परीक्षा होते. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा दहांच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर नेहमीप्रमाणे पेरा. थोडे कमी निघाले तर त्या मानाने बियाणे वाढवा. फारच कमी असतील तर ते बियाणे पेरूच नका. हे सगळे एका पुस्तकात होतेच, त्या अकरांपैकी एका. आता त्या पुस्तकाचे कार्ड भरले आहे.

पैशांचे म्हणाल तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मान्य वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. लहान गावाच्या वाट्याला येणारे थोडेच. पण राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील कृषी विद्यापीठे मराठीत पुस्तके काढतात. राहुरीची कृषिदर्शनी तर घरी ठेवावी अशी. खरी अडचण पुस्तकांची नाहीच. ती उघडून, हेक्टराचा एकर करून, मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस हवा. कृषी खात्याचे एक तरुण सहायक आले होते, छान बोलले. दुसऱ्या खेपेला येण्याआधी त्यांची बदली झाली. मग शनिवारचे वाचन दहावीच्या मुलींवर सोपवले. मोबाईलवर फिरत आलेला सल्लाही त्या आधी पुस्तकाशी ताडून पाहतात.

मापाचे भांडे आम्ही पुस्तकासारखेच नोंदवहीत लिहून देतो, दोन दिवसांच्या मुदतीने. पुस्तके उशिरा परत येतात. भांडे मात्र वेळेवर येते, कारण पुढचा माणूस ओट्यावर बसलेलाच असतो.