दिवेलागण सगळ्यांचीच
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला माझी जागा आत, पोह्यांच्या कढईपाशी असते. यंदा चिटणीस वहिनींनी मला तिथून उठवून इथे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले ते तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या कानावर गेलेच आहे. कानावर गेलेले अर्धे असते, म्हणून सगळे मीच सांगावे असे ठरवले.

आमचा थोरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. मित्राचा वाढदिवस म्हणून रात्री दहा वाजता बाहेर पडला. ह्यांची फौंड्रीत रात्रपाळी होती. गाडीची किल्ली मागितली, ती मीच काढून दिली. रात्री पाऊण वाजता फोन आला, “तुमचा मुलगा चौकीत आहे, येऊन जा.” धाकट्या भावजींना उठवले आणि गेले. रस्त्यात गाडीवर केक ठेवून आरडाओरडा चालला होता, कोणीतरी तक्रार केली होती. पाच पोरे बाकावर मान खाली घालून बसलेली. एका शिपायाने त्यांतल्या एकाच्या कानशिलात लगावली होती. “कसली आई तुम्ही? आठनंतर ह्यांना कर्फ्यूच लावला पाहिजे,” असे तो मलाही बोलला. मी गप्प राहिले. चूक आपली होती.

थोड्या वेळाने साध्या पोषाखातल्या एक बाई आल्या. त्या पोलीसच होत्या, मुलांचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी आधी शिपायाला बाजूला नेले, मग आम्हाला बसवले. त्या म्हणाल्या, “ताई, मुलाने अमुक वाजता घरात असावे असा कायदा आपल्याकडे नाही. पण गाडी कोणाची? किल्ली कोणी दिली?” मी म्हणाले, “मी.” त्या म्हणाल्या, “मग कायद्यात मुलाच्या आधी तुमचे नाव येते.”

भगिनींनो, त्या रात्री मला कळले की आपण कायद्याचे नाव घेऊन मुलांना भीती दाखवतो आणि त्यात काय लिहिले आहे ते आपल्याला ठाऊकच नसते. पुढे माझ्या पुतण्याने, तो वकिलीला आहे, मला सगळे वाचून समजावून दिले. ते थोडक्यात सांगते.

अठरा वर्षांच्या आतले ते बालक. २०१५ सालचा बाल न्याय कायदा आहे. त्याप्रमाणे मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. गुन्ह्यासाठी ताब्यात घेतलेच तर चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते, आणि आईबापांना लगेच कळवावे लागते. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांचे काम पाहणारा एक अधिकारी असलाच पाहिजे. रात्री स्टँडवर किंवा स्टेशनवर एकटे मूल सापडले तर त्याला गुन्हेगार समजायचे नाही, बालकल्याण समितीपुढे न्यायचे. ज्याला घरच नाही त्याला “घरी जा” म्हणून काय उपयोग? अशा लेकरांसाठी आपल्या कोल्हापुरात बालकल्याण संकुल आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर प्रत्येकीने फोनमध्ये लिहून ठेवावा.

आणि आपल्यासाठी काय? मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पुण्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण इंजिनिअर ठार झाले. काही तासांत त्या मुलाला जामीन मिळाला, त्यात तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. त्यावरून सगळा महाराष्ट्र खवळला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या आईवडिलांनाही अटक झाली. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम. मी ती बातमी वाचत असताना मला मात्र माझ्या हातातली किल्ली दिसत होती. आमची गाडी लहान आणि त्यांची मोठी, एवढाच फरक.

काहीजणी म्हणतील, मग परदेशात आहे तसा वेळेचा कायदाच का करू नये? अमेरिकेत पुष्कळ शहरांत असे कायदे आहेत. शिकागोने २०२२ साली सुट्टीच्या रात्रींची मुलांची वेळ अकरावरून दहावर आणली आणि सतरा वर्षांच्या मुलांनाही ती लागू केली. पण अशा कायद्यांवर झालेल्या अभ्यासांचा २०१६ साली एकत्र आढावा घेतला, तेव्हा त्यांनी मुलांचे गुन्हे कमी होतात असे काही आढळले नाही. दुसरीकडे आइसलँड म्हणून एक लहानसा देश आहे. तिथे हिवाळ्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी आठपर्यंत आणि सोळापर्यंतच्यांनी दहापर्यंत घरी यावे असा नियम आहे, उन्हाळ्यात दोन तास जास्त. पण तिथे आईबापच गटागटाने रात्री गल्लीतून फेरी मारतात, कोण पोर कुठे आहे ते पाहतात. नुसता पोलीस उभा करणे वेगळे आणि आईबापांनी स्वतः बाहेर पडणे वेगळे.

इतके लांब जायलाच नको. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे बायकांची सभा घेऊन ठरले की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा. यात मला पटले ते हे की भोंगा नुसता मुलांसाठी नव्हता. आईची मालिकाही बंद आणि बापाचा मोबाइलही बंद. आपले शाहू महाराज तर याच्या शंभर वर्षे आधीचे. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत आले नाही तर महिना एक रुपया दंड, आणि तो पालकाला. पोराला धरून आणायला त्यांनी शिपाई पाठवला नाही, त्यांनी बापाला जाब विचारला.

आता जे सांगायला मन धजत नाही ते सांगते.

चौकीतून आलो त्या रात्री माझी लेक जागी होती. ती तेव्हा आठवीत होती. ती म्हणाली, “आई, मला सातचा नियम आहे. दादाला कुठलाच नाही. का गं?” मला उत्तर आले नाही. “सातच्या आत घरात” या नावाचा सिनेमा २००४ साली आला होता. आपल्या घराघरांत तो नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तो फक्त मुलींना आहे. त्याच वर्षी लेकीची शाळेच्या कबड्डी संघात निवड झाली होती. सराव साडेसातला सुटायचा. मी तिचे नाव काढून घेतले. काळोखात मुलगी येणार कशी, ही माझी काळजी. तिला आणायला दहा मिनिटे चालत जावे, हे मला सुचले नाही. आणि पोराचे काय? तो बाराला यायचा तेव्हा मी झोपेचे सोंग घेऊन पडलेली असायची. विचारले तर भांडण होईल, म्हणून विचारायचे नाही. मुलीवर पहारा ठेवायचा आणि मुलाकडे डोळेझाक करायची, असा माझा कारभार होता. मुलीसाठी रस्ता धोक्याचा कोण करतो? अपरात्री बेगुमान फिरणारी पोरेच ना? त्यांतला एक माझ्या घरात जेवून बाहेर पडत होता.

दुसऱ्या दिवशी हे आल्यावर आम्ही चौघे बसलो. नियम केला, आणि तो चौघांनाही लागू. कुठे, कोणाबरोबर, परत कसे येणार, हे सांगून जायचे. दोन्ही मुलांची एकच वेळ, साडेनऊ. उशीर होणार असेल तर फोन करायचा, आणि आणायला आम्ही जायचे. गाडीची किल्ली ह्यांच्या खिशात. साडेआठनंतर माझी मालिकाही बंद.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. थोरला पहिला महिना माझ्याशी धड बोललाही नाही. एकदा तो साडेदहाला आला. मी दार उघडून उभी राहिले, ओरडले नाही, जेवायला वाढले आणि विचारले. त्याने सांगितले, आणि ते खरे होते. एकदा इथल्याच बैठकीहून मला उशीर झाला, तर लेकीने दारातच घड्याळ दाखवले. मी कान धरले. पण लेक पुन्हा कबड्डीला गेली नाही. मी जा म्हटले, तेव्हा ती म्हणाली, “आता संघ भरला, आई.” ही रुखरुख मला आहे, आणि ती राहील.

म्हणून मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते. एक, क्लास किंवा खेळाच्या सरावाहून उशिरा येणाऱ्या आपल्या गल्लीतल्या मुलींना आणायला पाळीपाळीने दोघी दोघींनी जावे. पहिली पाळी माझी लिहा. दुसरी, प्रत्येकीने आज घरी जाऊन मुलीला विचारतो तोच प्रश्न मुलालाही विचारावा, “कुठे होतास रे?” पहिल्या दिवशी तो चिडेल. पण विचारणारे कोणीतरी जागे आहे, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ झाले.

काही चुकले असेल तर पदरात घ्या. पोहे गार होताहेत.